नेम्मदिगा, नेम्मदिगा : बेलूमच्या गुहेत एक दिवस

वर्गातल्या फळ्यावर चुनखडीच्या गुहेची आकृती काढायला मला जेमतेम चार मिनिटे लागतात. वर जमिनीची आडवी रेघ, खाली पोकळी, छतातून लोंबणारे टोकदार सुळे आणि जमिनीतून वर आलेले बुटके खुंट. वरून खाली येतो तो अधोमुखी लवणस्तंभ, खालून वर जातो तो ऊर्ध्वमुखी. दोघे भेटले की खांब तयार. वीस वर्षे मी बी. ए.च्या मुलामुलींना हेच शिकवत आलो. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही बघितलीय का हो अशी गुहा?" मी "वेळ संपली" म्हणून खडू खाली ठेवला. वेळ संपायला अजून सात मिनिटे होती.

खरे तर आपल्या भागातल्या माणसाने अशी गुहा पाहिलेली नसणे यात नवल नाही. 'गुहा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती लेणी. अजिंठा, वेरूळ, नाहीतर आपल्याला हाताशी असलेली बदामी. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. सहलीला नेलेल्या प्रत्येक तुकडीला मी तो दाखवतो. पण ही सारी माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. पाण्याने कोरलेली गुहा निराळी. तिला चुनखडक लागतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि बेळगाव जिल्ह्याचाही बराच भाग काळ्या बेसाल्टचा. तो झिजतो, फुटतो, पण साखरेसारखा विरघळत नाही. त्यामुळे सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या आपल्याला कडे ठाऊक, धबधबे ठाऊक. जमिनीच्या पोटातली वाट ठाऊक नाही.

ती पाहण्याचा योग गेल्या डिसेंबरात आला. तो माझ्या भूगोलामुळे आला नाही, घरच्या कारणाने आला. म्हणून आधी थोडे घराविषयी सांगतो.

उंबऱ्याच्या आतली भाषा

माझी पत्नी बळ्ळारीची. माहेरी कन्नड, शेजारीपाजारी तेलुगू. बळ्ळारी हे दोन्ही भाषा एका दमात बोलणारे गाव. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. लग्नानंतर वर्षभरातच ती चांगली मराठी बोलू लागली, कारण तिला दुसरा मार्ग नव्हता. आमच्या घरात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक न लिहिलेला नियम होता. उंबऱ्याबाहेर काय ते बोला, उंबऱ्याच्या आत मराठी.

आप्पा मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या डोळ्यांदेखत शाळेचा पट ओसरत गेला. एका इयत्तेच्या दोन तुकड्या होत्या, तिथे पुढे दोन इयत्ता मिळून एक वर्ग भरू लागला. शाळेत झाले ते घरात होऊ नये, ही त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून मीही कधी काही बोललो नाही. त्यांना कन्नड येत नव्हते असे मात्र नाही. बाजारात, बसस्टँडवर, कचेरीत ते असे कन्नड बोलत की ऐकणाऱ्याने त्यांना धारवाडकडचेच समजावे. फक्त घरात त्यांना ती भाषा 'येत नसे'.

याचा सर्वांत मोठा त्रास झाला माझ्या सासूबाईंना. त्यांना कन्नड यायचे, तेलुगू यायचे, मराठीचा गंध नव्हता. वर्षातून एकदा त्या आमच्याकडे आठ-दहा दिवस राहायला येत. दुपारी सोप्यात एका बाजूला आप्पा पेपर धरून बसलेले, दुसऱ्या बाजूला सासूबाई वाती वळत बसलेल्या. दोघांनाही एक भाषा उत्तम येत होती आणि दोघेही गप्प. "चहा घेणार का विचार त्यांना," असे आप्पा मला सांगत. मी कन्नडमध्ये विचारायचो. त्या मान हलवायच्या. पत्नी हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहायची. त्यावरून ती कधी भांडली नाही. एकदाच म्हणाली, "तुम्ही तरी काही बोलायला हवं होतं."

सासूबाई गेल्या. त्यांच्या वर्षश्राद्धाला बळ्ळारीला निघायचे ठरले तेव्हा आप्पा आपणहून म्हणाले, "मी पण येतो." वय शहात्तर, गुडघे दुखरे, आणि प्रवास दिवसभराचा. का येता, असे कुणी विचारले नाही.

श्राद्ध झाल्यावर दुसऱ्या दिवशी मेहुणे मला म्हणाले, "भावा, इथून चार तासांवर बेलूम आहे. भूगोलाचे मास्तर तुम्ही, आणि न बघता परत जाणार?" मला मागच्या बाकावरची ती मुलगी आठवली.

ओट्याच्या पोटात

पहाटे निघालो. आप्पा, आम्ही दोघे आणि अकरावीत शिकणारी आमची मुलगी. गुंतकल, गुत्ती, ताडपत्री असा रस्ता. गुत्तीचा किल्ला दिसताच आप्पा गाडीत ताठ बसले. मुरारराव घोरपड्यांचे ठाणे ते हेच आणि १७७६ मध्ये हैदरअलीने ते जिंकले, हा सगळा पाठ त्यांनी नातीला ऐकवला. निवृत्त शिक्षकाला रस्त्यात इतिहास भेटला की गाडीचा वर्ग होतो.

ताडपत्री मागे पडली तशी रस्त्याच्या कडेला फरशांच्या चळती दिसू लागल्या. काळसर, सपाट, ओळीने उभ्या केलेल्या. पत्नी म्हणाली, "हा तर आपला कडप्पा!" बरोबर होते. आपल्या घराघरांतल्या ओट्यावर आणि फडताळात बसवलेला कडप्पा येतो तो याच पट्ट्यातून. तो ज्वालामुखीचा दगड नव्हे. पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथे असलेल्या उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून तयार झालेला तो चुनखडक. थरांचा असल्यामुळेच त्याच्या फरश्या सरळ निघतात. या भागात सिमेंटचे कारखाने आहेत तेही याच चुनखडकामुळे. आणि बेलूमची गुहा पोखरली गेली ती याच काळ्या चुनखडकात. हे मी सांगितल्यावर पत्नी म्हणाली, "म्हणजे आज आपण ओट्याच्या पोटात जाणार." वीस वर्षांत मला इतके सोपे वाक्य सुचले नव्हते.

बेलूम हे कोलिमिगुंड्ला मंडलातले लहानसे गाव. पूर्वी ते कुर्नूल जिल्ह्यात होते, २०२२ पासून नंद्याल जिल्ह्यात आहे. तिथे पोहोचल्यावर पहिल्यांदा निराशाच होते. डोंगर नाही, कडा नाही. सपाट माळ आणि दुरून दिसणारी बुद्धाची चाळीस फुटी पांढरी मूर्ती. "गुहा कुठाय?" असे मुलीने विचारले तेव्हा आम्ही तिच्या जवळजवळ डोक्यावरच उभे होतो. जमिनीत विहिरीसारखे तीन मोठे खड्डे आहेत. कधीकाळी आतल्या पोकळीवरचे छत कोसळून ते उघडे पडले. मधल्या खड्ड्यात जिना उतरतो. तेच दार.

'बिलम्' म्हणजे बीळ, त्यावरून बेलूम, असे तिथे सांगतात. मुलगी लगेच म्हणाली, "कन्नडमध्ये पण बिलच!" मराठीत बीळ, कन्नडमध्ये बिल, तेलुगूत बिलम्. उंदराच्या घराला तिन्ही भाषांत एकच नाव. आप्पा हसले, पण बोलले काही नाहीत.

फूटसाहेबांची ओळख

या गुहेची नोंद १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने केली. हे नाव आपल्या भागाला परके नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या याच फूटने त्याआधी बेळगाव, कलादगी, धारवाडचा मुलूख पायाखाली घालून दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेवर ग्रंथ लिहिला होता. तो १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला अश्मयुगीन दगडी हत्यार ओळखून भारताच्या प्रागैतिहासिक अभ्यासाचा पाया घातला तोही यानेच. आपल्या घटप्रभेच्या काठचे खडक पाहिलेला माणूस इथे या खड्ड्यांच्या तोंडाशी उभा राहिला होता, याचे मला कौतुक वाटले.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे बेलूमकडे कुणी फारसे फिरकले नाही. १९८२ आणि १९८३ मध्ये हर्बर्ट डॅनियल गेबाउर या जर्मन गुहासंशोधकाच्या चमूने गावकऱ्यांच्या मदतीने आत शिरून मोजमाप केले. ३,२२९ मीटर लांबीची वाट त्यातून नोंदली गेली. मेघालयातल्या गुहा याहून कितीतरी लांब आहेत, पण तो प्रदेश सोडला तर देशातल्या लांब गुहांत बेलूमचे नाव अगदी वरच्या ओळीत घ्यावे लागते.

या इतिहासात एक गोष्ट मला लागून राहिली. कित्येक वर्षे आसपासच्या वस्त्यांचा केरकचरा याच खड्ड्यांत टाकला जाई. घरामागचा खड्डा, दुसरे काय! पायाखाली काय आहे हे ठाऊक नसले की माणूस तिथे कचरा टाकतो. पुढे गावातल्याच काही मंडळींनी पाठपुरावा केला. १९८८ मध्ये गुहेला संरक्षण मिळाले, १९९९ पासून आंध्र प्रदेश पर्यटन विकास महामंडळाने कचरा-गाळ काढून वाटा, जिने, दिवे केले आणि २००२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. आज साधारण दीड किलोमीटर वाट आपल्याला फिरता येते.

"तल जाग्रत्त!"

आमच्या गटात वीसेक माणसे होती. गाईड त्याच भागातला तरुण. तेलुगू अस्खलित, हिंदी कामापुरते. जिना उतरताच त्याने पहिला धडा दिला, "तल जाग्रत्त!" कन्नडमध्ये डोक्याला तले म्हणतात आणि जाग्रत्तचा अर्थ सांगावा लागत नाही. आम्ही चौघांनी एकदम माना खाली घातल्या. बाकीच्यांपैकी दोघांची डोकी छताला लागली तेव्हा त्यांना अर्थ कळला.

सुमारे वीस मीटर खाली उतरलो की वाट आडवी होते. पहिल्या दालनाला गेबाउरचेच नाव दिले आहे. बाहेर डिसेंबरातली सुखद हवा होती. आत दहा मिनिटांत शर्ट अंगाला चिकटला. बाहेरची हवा आत खेळवण्याची सोय केली आहे, तरी दमटपणा जात नाही. पिवळ्या, लाल, निळ्या दिव्यांत भिंती दिसतात. त्या भिंतींवर लाटा आहेत. पाण्याने दगडाला जागोजागी असे गोलवले आहे की कुंभाराने ओल्या मातीवर अंगठा फिरवावा.

मुलीने विचारले, "पण पाण्यानं दगड विरघळतो कसा?" मी वर्गातला सूर लावणार तोच पत्नीने मला बंबाची आठवण करून दिली. बोअरच्या पाण्याने बंबाच्या तळाशी पांढरा थर धरतो ना, तेच इथे. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेते व किंचित आम्ल होते. अगदी सौम्य, सोड्याच्या बाटलीतले पाणी त्यापेक्षा तिखट. पण ते चुनखडकाच्या भेगांतून लाखो वर्षे झिरपत राहते आणि दगड थोडा थोडा विरघळवून नेते. भेगेची फट होते, फटीची वाट होते. जमिनीखालून वाहणारे पाणी ती रुंद करते. पुढे पाण्याची पातळी खाली जाते आणि वाट कोरडी पडते. मग उलटा खेळ सुरू होतो. छतातून ठिबकणाऱ्या थेंबातला वायू हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना तिथेच कणाकणाने बसतो. बोटभर लवणस्तंभ वाढायला शेकडो वर्षे लागतात. आपण सहज हात लावला तर हाताचे तेल त्यावर बसते आणि वाढ खुंटते. गाईड सारखा ओरडत होता ते त्यासाठीच.

पुढे सिंहद्वार लागले. दगडाची नैसर्गिक कमान, सिंहाच्या तोंडासारखी. मग कोटिलिंगालु, म्हणजे शिवलिंगांसारखे असंख्य खुंट, आणि त्यांत वरचा-खालचा स्तंभ मिळून झालेला एक मोठा खांब. माझ्या फळ्यावरची आकृती तिथे माझ्यापेक्षा उंच उभी होती. मी काही बोललो नाही. मुलीने मात्र माझा फोटो काढला. त्यात मी तोंड उघडे टाकून वर पाहतो आहे.

एका जागी नागाच्या फण्यांसारखे पापुद्रे छतातून उतरले आहेत. गाईड म्हणाला, "वेयि पडगलु." पत्नीने अर्थ सांगितला, हजार फणे. आप्पा पुटपुटले, "पडग... फडा. आपण नागाचा फडाच म्हणतो की." मग एका दालनात जाड खांब आणि त्याभोवती पारंब्यांसारखे लोंबते सुळे होते. त्याचे नाव "ऊडल मर्रि". मुलगी म्हणाली, "मरि? पिल्लू?" कारण कन्नडमध्ये मरि म्हणजे पिल्लू. तिची आई हसू लागली. तेलुगूत मर्रि म्हणजे वड, आणि ऊडलु म्हणजे पारंब्या. शब्द सारखा म्हणून अर्थ सारखा असतोच असे नाही, हेही आम्ही तिथेच शिकलो.

सप्तस्वरांच्या दालनात, जे २००६ मध्ये खुले झाले, गाईडने लाकडी काठीने पातळ दगडी पडद्यांवर हलकेच टकटक केली. धातूवर वाजवावे तसा स्वर निघाला, प्रत्येक पडद्याचा वेगळा. सगळा गट गप्प झाला. आप्पांनी डोळे मिटले होते.

पाताळगंगेची वाट

सर्वांत खोल जागा म्हणजे पाताळगंगा. प्रवेशद्वारापासून ४६ मीटर खाली, म्हणजे जवळजवळ दीडशे फूट. तिथे बारमाही झरा आहे. तो कोपऱ्यातून येतो आणि खडकात नाहीसा होतो. बेलूम गावातल्या विहिरीत तो निघतो अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. तिकडे जाणारी वाट अरुंद आहे. काही ठिकाणी कमरेत वाकावे लागते आणि एका वेळी एकच माणूस मावतो. गाईडने आप्पांकडे पाहून सुचवले की ज्येष्ठांनी वरच थांबावे. पत्नीने ते मराठीत सांगितले. आप्पा म्हणाले, "इथवर आलो आणि गंगा न बघता परतू?" शिक्षकाला 'तुम्हाला जमणार नाही' असे सांगणे म्हणजे त्याला उठवणेच.

गाईडच्या मागे मुलगी, तिच्यामागे मी, मग दोन अनोळखी तरुण, मग आप्पा आणि सर्वांत शेवटी पत्नी. मी वाकून पलीकडे निघालो आणि मागे आप्पांची चाहूल थांबली. हाक मारली. उत्तर नाही. दोन्ही तरुण अरुंद जागेत माझ्या आणि त्यांच्या मध्ये होते; मला वळताही येत नव्हते. दिव्याच्या तिरप्या उजेडात मला आप्पांचा एक हात तेवढा दिसला. भिंतीला घट्ट टेकलेला. श्वास मोठ्याने चालला होता. दमटपणाने म्हणा, अंधाराने म्हणा, ते मध्येच वाकलेल्या अवस्थेत थिजले होते. पुढे सरकेनात, मागे फिरेनात.

खालून गाईडने आवाज दिला, "पेद्दायना, नेम्मदिगा! नेम्मदिगा!" तेलुगूत त्याचा अर्थ हळू, सावकाश. आणि मग मला मागून पत्नीचा आवाज ऐकू आला. ती मराठीत बोलली नाही. भीतीत माणसाच्या तोंडी आईची भाषा येते, तशी तिच्या तोंडी आली.

"मावा, निधान बर्रि. ना हिंदेनं इदीनि."

हळू या, मी मागेच आहे. एकोणीस वर्षे ती त्यांना 'मामा' म्हणत आली होती. 'मावा' मी पहिल्यांदा ऐकले.

क्षणभर काहीच नाही. मला वाटते, त्या क्षणी मला गुहेपेक्षा त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. मग आप्पांचा आवाज आला. दमलेला, पण स्पष्ट.

"हूं यव्वा, बर्तीनि."

होय गं बाई, येतो. बाजारातले, बसस्टँडवरचे ते अस्सल कन्नड पहिल्यांदाच घरातल्या माणसाशी बोलले गेले, आणि तेही घरापासून इतक्या दूर, जमिनीखाली. त्यांचा हात भिंतीवरून सुटला. पत्नी मागून एकेक पाऊल सांगत होती, आता उजवा पाय, आता डोके खाली, आणि ते प्रत्येक वेळी "हूं, हूं" म्हणत पुढे सरकत होते. पलीकडे आल्यावर मी त्यांना धरले. कपाळ घामाने भिजले होते. ते माझ्याकडे न पाहता मागे वळून थांबले आणि सून बाहेर येईपर्यंत हात पुढे करून उभे राहिले.

पाताळगंगा फार मोठी नाही. एवढेसे पाणी. पण कान दिला तर त्याचा आवाज येतो. आम्ही चौघे तिथे बराच वेळ उभे राहिलो. कुणीच कुठल्याही भाषेत बोलले नाही.

वर आल्यावर

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. गुहा सकाळी दहाच्या सुमारास उघडते, संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होते; निघण्यापूर्वी चौकशी करून घ्यावी. सैल सुती कपडे, न घसरणारी पादत्राणे आणि पाणी सोबत हवे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, आणि गुडघे दुखणाऱ्यांनीही, वरच्या दालनांवर समाधान मानावे. आमच्या आप्पांचे अनुकरण करू नये. हाताशी आणखी एक दिवस असेल तर पेन्नेच्या घळीवरचा गंडिकोट किल्ला याच बाजूला आहे.

वर आलो तेव्हा ऊन कलले होते. झाडाखाली बसून मेहुण्यांच्या घरून बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी सोडली. आप्पा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी सुनेला मराठीतच विचारले, "तो पोरगा काय ओरडत होता गं? नेम्मदिगा की काय?"

"सावकाश, असा अर्थ. तेलुगू आहे," ती म्हणाली.

"मला वाटलं कन्नड. कन्नडमध्ये नेम्मदि म्हणजे..." ते थांबले.

"समाधान. मनाची शांती," तिने वाक्य पुरे केले.

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तुझी आई असती तर तिला विचारलं असतं," ते म्हणाले. "दोन्ही भाषा यायच्या त्यांना. सोप्यात एवढे दिवस बसलो समोरासमोर. विचारायचं राहून गेलं."

पत्नीने काही उत्तर दिले नाही. तिने त्यांच्या पानात चटणी वाढली. तिचे डोळे भरले होते, पण ती रागावलेली दिसली नाही. दहा-बारा वर्षे मी दोघांच्या मध्ये 'चहा घेणार का विचार' एवढाच दुभाषा होऊन राहिलो, हे मला त्या झाडाखाली फार टोचले. पायाखाली काय आहे याची चौकशी न करता वर कचरा टाकणारे गावकरी आणि मी, फार फरक नव्हता.

बेळगावला परतून आता काही महिने झाले. आमच्या घरात अजूनही मराठीच बोलली जाते. आप्पांचा नियम बदललेला नाही आणि तो बदलावा असे पत्नीलाही वाटत नाही. नात मराठीत वाचते याचा तिलाही अभिमान आहे. जानेवारीत वर्गात मी पुन्हा गुहेची आकृती काढली. चार मिनिटांऐवजी पूर्ण तास लागला.

फक्त एक बदल झाला आहे. दुपारी चारच्या सुमारास सोप्यातून आप्पांची हाक येते. पूर्वी ती माझ्या नावाने येई आणि निरोप आत पोहोचवावा लागे. आता ती थेट स्वयंपाकघरात जाते.

"यव्वा, चहा झाला का गं?"

आतून उत्तर येते, "आणते, मावा."